अकरावा रकाना

माझ्या धाकट्या भावाला बसता येत नाही. गुडघे दुखतात हे अलीकडचं झालं. मुळातच त्याला एका जागी बसवत नाही. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, माझ्याकडे आला की दाराच्या चौकटीला टेकून उभा. "बस की रे, खुर्चीला काटे आहेत का?" असं मी म्हणते, आणि तो "निघतोच आहे ताई" म्हणत अर्धा तास तसाच उभा राहतो. तीस वर्षं शिडीवर काढलेल्या माणसाला जमिनीवर उभं राहणं हीच विश्रांती वाटत असेल, कोण जाणे. मला मात्र त्या उभं राहण्याचा राग येत आला आहे. आमची आई शेवटची दीड वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि हा तिच्यापाशी घटकाभर बसला नाही, हे मी त्याला गेल्या सहा वर्षांत निदान साठ वेळा ऐकवलं असेल. तो ऐकून घेतो. उत्तर देत नाही. उत्तर न देणाऱ्या माणसाशी भांडून जेवढी दमणूक होते तेवढी दगड फोडूनही होत नसेल.

तो कॅमेरे बसवतो. दुकानं, गोदामं, दवाखाने, शाळा, पार्किंग. भिंतीवर कॅमेरा, तिथून वायर, वायरच्या दुसऱ्या टोकाला चित्रण साठवणारं मशीन आणि मशीनच्या पोटात डिस्क, एवढाच त्याचा संसार. लोक त्याला शिडीवाले म्हणतात, कारण लांबून आधी शिडी दिसते आणि मग तो. उजव्या खांद्यावर शिडीने इतकी वर्षं मुक्काम केलाय की तो खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली गेलाय. भिंतीला भोक पाडताना उडणारी पांढरी भुकटी त्याच्या भुवयांत, कानांत, शर्टाच्या शिवणीत कायमची. आमची भावजय म्हणते, ह्यांना झटकून घरात घ्यावं लागतं.

कामाच्या गमती तो क्वचित सांगतो, पण सांगतो त्या मासलेवाईक असतात. एका दुकानदाराला सहा कॅमेरे हवे होते, सगळे नोकरांवर. जिथे तो स्वतः बसतो तो कोपरा तेवढा सोडून. एकाने बसवून झाल्यावर विचारलं, आता हे चोराला पकडणार ना? धाकटा म्हणाला, पकडणार नाही, फक्त बघणार. गिऱ्हाईक हिरमुसलं. काम संपलं की तो प्रत्येक कॅमेऱ्यासमोर इकडून तिकडे चालतो, हात हलवतो आणि पडद्यावर स्वतःला बघून येतो. रोज दहा ठिकाणी भिंतीला हात करणारा हा माणूस घरी आला की बोलायचा कंटाळा करतो.

आता माझं सांगते, कारण या गोष्टीत माझाही हात आहे, आणि तो चांगलाच बरबटलेला आहे. मी शाळेच्या कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केली. आठेक वर्षांपूर्वी नियम आले. कॅमेरे बसवणाऱ्याकडे परवाना हवा. जिथे आजारी, म्हातारी माणसं किंवा लहान मुलं राहतात, तिथलं चित्रण नव्वद दिवस जपलं पाहिजे, ते अखंड असलं पाहिजे, मशीन कुलपात पाहिजे, त्यातलं घड्याळ बरोबर पाहिजे. आणि हे सगळं ठीक आहे असं बसवणाऱ्याने दरवर्षी पूर्तता प्रमाणपत्रावर सही करून द्यायचं. प्रमाणपत्राला सतरा रकाने. धाकट्याने तो कागद पाहिला आणि तापल्या तव्याला हात लागावा तसा मागे सरला. म्हणाला, "ताई, तू कर. मी सही करतो." मी केलं. कागद हा माझा प्रांत.

पहिलं प्रमाणपत्र मी त्याला रकाना रकाना विचारून भरलं. अकरावा रकाना होता: चित्रणाचा प्रकार, अखंड की हालचालीपुरतं. त्या ठिकाणी अखंड होतं, मी अखंड लिहिलं. मग तोच मजकूर कॉम्प्युटरात ठेवून दिला आणि पुढच्या प्रत्येक वेळी फक्त नाव, पत्ता आणि तारीख बदलली. त्याने न वाचता सह्या केल्या. मी न विचारता छापले. मला वाटायचं, काही वेगळं असेल तर तो सांगेल. त्याला वाटायचं, ताई कारकून आहे, बघून लिहीत असेल. आठ वर्षं आम्ही दोघं एकमेकांच्या भरवशावर असे निवांत होतो.

आणखी एक सांगायचं राहिलं. आई माझ्याकडे होती, मी एकटी राहते म्हणून. सकाळी मी तिचं सगळं उरकून शाळेत जायची, बारा वाजता एक बाई येऊन तिला भरवून एकला जायची, आणि पाचला मी परत. बाकीचा वेळ आई एकटी. घराच्या किल्ल्या तिघांकडे: मी, ती बाई आणि धाकटा. धाकट्याने न विचारता येऊन तिच्या खोलीत कॅमेरा लावला, कपाटावर मशीन ठेवलं आणि माझ्या फोनवर ते दिसेल असं करून दिलं. मशीनमध्ये डिस्क घातली ती कुठल्या गोदामाला शोभावी एवढी मोठी. मी म्हटलं, अरे, ती एका कुशीवर पडून असते, तिचं एवढं काय साठवणार आहेस? तो म्हणाला, असू दे. शाळेत फोन काढायची बंदी होती, म्हणून मी दोनदाच बघायची: अकराच्या चहाला आणि चारला शाळा सुटल्यावर. आई दिसायची. एकटी. मग संध्याकाळी मी धाकट्याला फोन करून फैलावर घ्यायची की कॅमेरा लावला म्हणजे मुलाचं कर्तव्य संपलं का? पुढे आई गेली. त्याच दिवशी त्याने मशीन बंद केलं. कॅमेरा भिंतीवर तसाच राहिला, मशीन कपाटावर.

तर गेल्या महिन्यातली गोष्ट. एका मंगळवारी वृद्धाश्रमातून धाकट्याला फोन आला. हा आश्रम त्याच्याकडे पाच वर्षं आहे. तिथल्या चार नंबरच्या खोलीतले आजोबा आठवडाभरापूर्वी दुपारी गेले होते. वय झालं होतं, आजार होता, त्यात कुणाला संशय नव्हता. पण आजोबांच्या मुलाला बघायचं होतं की शेवटी वडिलांजवळ कुणी होतं की नाही. खोलीत कॅमेरा होता, त्यानेच लेखी संमती देऊन लावून घेतलेला. त्याने चित्रण पाहिलं. त्यात मावशी, म्हणजे तिथली सेविका, एक वाजून बारा मिनिटांनी पाणी घेऊन आत येते, आजोबांना घोटभर पाजते, खुर्चीत बसून त्यांचा हात हातात घेते. आणि त्यानंतर एकदम साडेतीन. मावशी उठते, आजोबांच्या तोंडाजवळ वाकते आणि बाहेर धावते. मधले सव्वादोन तास कोरे.

मुलाने विचारलं, मधलं कुठे गेलं? मॅनेजरने प्रमाणपत्र काढून दाखवलं. अकरावा रकाना: अखंड. म्हणजे मशीन कधीच थांबत नाही. म्हणजे कुणीतरी थांबवलं. मशीन चादरींच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली मावशीच्या कमरेला. चार नंबरची वायर उपसायची, सव्वादोन तास कुठेतरी ताणून द्यायची, परत येऊन वायर खोचायची आणि खुर्चीत बसायचं. सगळं कसं चपखल जुळलं. मुलाने तक्रार केली, मॅनेजरने मावशीला घरी बसवलं आणि शुक्रवारी परवाना कचेरीचे साहेब चौकशीला यायचे ठरले. धाकट्याने फक्त मशीनमधलं चित्रण काढून द्यायचं होतं.

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला तेव्हा चौकटीला टेकलासुद्धा नाही. पिशवी हातात घेऊन खोलीच्या मधोमध उभा राहिला.

"ताई, वायर कुणी उपसली नाही. मशीनच बघत नव्हतं."

"म्हणजे बिघडलंय?"

"बिघडलं असतं तर बरं होतं." त्याने डोळे चोळले. "मी ते हालचालीवर ठेवलंय. काही हललं तरच टिपायचं, नाहीतर गप्प बसायचं. सगळीकडे तसंच ठेवलंय."

मग त्याने समजावून सांगितलं. मालक लहान डिस्क घेतात. लहान डिस्कवर अखंड चित्रण महिनाभर पुरतं, नव्वद दिवस नाही. तपासायला येणारा माणूस काय बघतो? सर्वांत जुनी तारीख. ती नव्वद दिवसांपूर्वीची निघाली की झालं. मग धंद्यातले सगळे काय करतात, तर मशीन हालचालीवर टाकतात. रिकाम्या खोलीचं चित्रण वाचतं आणि दिवस भरतात. त्यातून पडदा फडफडला, पाल फिरली तरी डिस्क भरते, म्हणून मशीनची जाणीव जरा बोथट करून ठेवायची. माणूस चालला तर टिपेल, मान वळवली तर नाही.

"पण सव्वादोन तास कुणी हलत नाही का? माणूस आहे की पुतळा?"

"मावशीला विचारलं मी. ती म्हणते, आजोबांना झोप लागायची नाही. हात धरला की लागायची, सोडला की जागे व्हायचे. म्हणून ती तो हात धरून बसली. नाकावर माशी बसली तरी हलले नाही म्हणते."

मी काय बोलले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "हे तू कुणाला बोलला आहेस का?"

तो म्हणाला, नाही.

"मग बोलू नकोस. प्रमाणपत्रावर सही तुझी आहे. परवाना गेला तर अठ्ठावन्नाव्या वर्षी तुला दारात कोण उभं करणार? त्या गुडघ्यांनी दुसरं काय करणार आहेस?"

"आणि मावशी?"

"त्या बाईचं बघू. आरोप काही सिद्ध होत नाही."

मी कॉम्प्युटर उघडला आणि एक पत्र लिहिलं. 'सदर कालावधीतील चित्रण उपलब्ध नसण्याचे निश्चित तांत्रिक कारण सांगता येत नाही.' अशी वाक्यं मी झोपेतही लिहू शकते. खोटं एक अक्षर नाही आणि खरंही एक नाही. त्याने पत्र वाचलं, खरंच वाचलं, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा. घडी घालून खिशात ठेवलं.

"दमलो ग ताई," एवढंच म्हणाला. मला वाटलं, गुडघ्यांबद्दल बोलतोय.

शुक्रवारी मी फाइल घेऊन त्याच्याबरोबर गेले. प्रमाणपत्रं माझ्या हातची होती, आणि खरं सांगायचं तर तो ऐन वेळी पत्र देईल याची मला खात्री नव्हती. मॅनेजरच्या खोलीत आम्ही सगळे दाटीने बसलो. धाकटा अर्थात उभा. टेबलावर पडदा, त्यावर आठ चौकटी, आठ खोल्या. साहेब पन्नाशीचे, शांत, सारखे चष्मा पुसणारे. आजोबांचा मुलगा भिंतीकडे बघत बसलेला, दाढी वाढलेली. आणि दाराजवळच्या स्टुलावर मावशी. बुटकी, रुंद, हाताची बोटं सोडा-साबणाने पांढुरकी पडलेली. तिने आश्रमातली कामाची साडी धुऊन, इस्त्री करून नेसली होती. घरी बसवलेलं असताना तिने ती इस्त्री केली होती.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही सव्वादोन तास त्या खुर्चीत बसून होता?"

"हो."

"अजिबात न हलता?"

"हललं की ते जागे व्हायचे."

"पाय अवघडला नाही?"

"अवघडला की. मुंग्या आल्या. मग त्यापण गेल्या."

मॅनेजर हसला. आजोबांचा मुलगा म्हणाला, "बाई, असं कुणी बसतं का? मी मुलगा असून मला दहा मिनिटं बसवायचं नाही." हे त्याने रागाने सुरू केलं आणि संपेपर्यंत त्याचा आवाज भलतीकडेच गेला.

मावशीने त्याच्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. "मिस्त्री, तुमच्या मशीनलाच विचारा ना काय ते. माझं कोण ऐकणार?"

धाकट्याचा हात खिशाकडे गेला. मी मनात म्हटलं, दे, दे पत्र. त्याने पत्र काढलं, घडी उलगडली, परत घातली आणि टेबलावर ठेवायच्या ऐवजी माझ्या फाइलवर ठेवलं. म्हणाला, "साहेब, मला चार नंबरमध्ये बसू द्या. वीस मिनिटं. तुम्ही सगळे इथूनच बघा."

तो गेला. पडद्यावरच्या चौथ्या चौकटीत दार उघडलं, तो आत आला, रिकाम्या पलंगाकडे एकदा बघितलं आणि त्या खुर्चीत बसला. पलंगाच्या कडेवर हात ठेवला. आम्ही बघत राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पडद्यावर माझा भाऊ एका खुर्चीत बसला होता आणि मला ते इतकं अनोळखी वाटत होतं की मी नजर हलवली नाही. मग त्याचं डोकं हळूहळू छातीवर आलं. चष्मा नाकावर घसरला.

"झोपले की मिस्त्री," मावशी म्हणाली. आणि मग साहेबांकडे वळून, आवाज न चढवता: "मी झोपले नव्हते साहेब. झोपले असते तर हात सुटला असता."

साहेबांनी ते लिहून घेतलं.

पंचवीस मिनिटांनी मॅनेजरने जाऊन त्याला उठवलं. तो ओशाळून परत आला, मशीनवर ते चित्रण लावलं. धाकटा आत येतो, खुर्चीत बसतो, हात पलंगावर ठेवतो. आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच मॅनेजर दारात उभा. मध्ये काही नाही. आम्ही पाच जणांनी डोळ्यांनी पाहिलेली पंचवीस मिनिटं मशीनच्या लेखी झालीच नव्हती.

आजोबांचा मुलगा बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने मावशीला विचारलं, "नक्की कधी गेले ते?"

"नाही सांगता येत, भाऊ. तीनच्या पुढे कधीतरी. मला वाटलं, आज छान झोप लागलीय. हात गार लागला तेव्हा उठले." त्याने मान हलवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मावशी स्टुलावरून उठून त्याच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिली.

साहेबांनी चष्मा पुसला. मावशीचा प्रश्न मिटला होता, आता आमचा होता. त्यांनी प्रमाणपत्र समोर धरलं, अकराव्या रकान्यावर बोट ठेवलं, आणि मग, माणूस भला होता हो, स्वतःच वाट काढून दिली. म्हणाले, "नजरचुकीने सेटिंग बदललं असेल. प्रमाणपत्रात जुना मजकूर तसाच राहिला असेल. होतं असं. तसं लिहून दिलंत तर ताकीद देऊन भागेल."

मी धाकट्याला कोपराने ढोसलं. जुना मजकूर तसाच राहिला हे तर अक्षरशः खरं होतं. मीच पुढे झाले, "साहेब, तो मजकूर माझ्या हातचा आहे. मी विचारलंच नाही."

"मजकुराचं ताई म्हणते ते खरं आहे," धाकटा म्हणाला. "सेटिंगचं नाही. ते मी जाणूनबुजून केलं."

"सगळे करतात, माहीत आहे. पण त्यामुळे असं काही होईल याची कल्पना नसेल."

"कल्पना होती, साहेब." तो टेबलाची कड धरून उभा होता. "आमची आई पडून असायची. हलायची नाही. तिच्या खोलीत मी अखंडच लावलं होतं, मोठी डिस्क घालून. हालचालीवर ठेवलं तर ती दिसणारच नाही, हे मला माहीत होतं. म्हणून तिला ते लावलं आणि ह्यांना हे."

शेजारच्या खोलीत कुणा आजी खोकत होत्या. मला त्याचा भयंकर राग आला. हातातोंडाशी आलेली सुटका या माणसाने लाथाडली होती. आणि त्याच वेळी, त्या रागाच्या तळाशी, मला वाटलं की हा माझा भाऊ आहे हे या खोलीतल्या सगळ्यांना माहीत असावं.

परवाना दोन वर्षांसाठी स्थगित झाला. दोन वर्षांनी धाकटा साठ वर्षांचा होईल, तेव्हा ही स्थगिती म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. आदेश पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून लागू होता. त्याआधी आश्रमातलं चित्रण नियमात बसवून द्यायचं होतं. मावशी त्याच दुपारी कामावर रुजू झाली. आम्ही निघालो तेव्हा ती चादरींचं कपाट उघडत होती.

रविवारी धाकटा माझ्याकडे आला. चौकटीला टेकला.

"ताई, आईच्या खोलीतलं मशीन देतेस? मॅनेजरने मोठ्या डिस्क मागवल्यात, यायला वेळ आहे. चार नंबरमध्ये उद्या नवीन आजी येणार आहेत. त्यांची बिछान्यातून हालचाल नाही. तोवर तिथे हे स्वतंत्र लावतो."

"ने की. इथे धूळच खातंय."

"डिस्क पुसावी लागेल." तो घुटमळला. "आईचं आहे त्यात. शेवटचे चारेक महिने. काही ठेवायचं असेल तर बघून घे."

त्याने मशीन टीव्हीला जोडून दिलं आणि आईच्या खोलीत भिंतीवरचा कॅमेरा उतरवायला गेला. मी रिमोट घेऊन बसले. ते चित्रण बघायचा धीर मला सहा वर्षांत झाला नव्हता. एक दिवस निवडला, कुठलाही. आई दिसली. तीच कूस, तीच फुलांची चादर, उशाशी तांब्या. सकाळचे अकरा. याच वेळी मी शाळेतून बघायची. पुढे सरकवत गेले. बारा, बाई आली, भरवलं, गेली. एक. आई एकटी. दीड.

दार उघडलं आणि धाकटा आत आला. शर्ट भुकटीने पांढरा. शिडी बाहेर ठेवली असावी. त्याने तोंड पुसलं, खुर्ची ओढली आणि आईच्या उशाशी बसला.

बसला आणि बसूनच राहिला. आईशी बोलला नाही, तिला हात लावला नाही, फोन काढला नाही. मला वाटलं चित्र अडकलंय; पण कोपऱ्यातल्या घड्याळाचे सेकंद पुढे जात होते. आई हलत नव्हती आणि तो हलत नव्हता. दोन वाजून दहा मिनिटांनी तो उठला, तिची चादर सारखी केली, खुर्ची होती तिथे ठेवली आणि गेला. चार वाजले. याच वेळी मी दुसऱ्यांदा बघायची. आई एकटी.

मी दुसरा दिवस लावला. दीड वाजता दार उघडलं. तिसरा. चौथ्या दिवशी तो आला नाही, पाचव्या दिवशी पुन्हा आला. मी कितीतरी दिवस लावले.

तो स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला होता, ते माझ्या लक्षात आलं नाही. टीव्हीवर तो खुर्चीत बसला होता.

"हे तू मला कधी सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं.

त्याने टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जरा गोंधळून. "तू फोनवर बघायचीस ना? मला वाटलं, तुला दिसतंय."

"मग मी एवढं बोलायची, तेव्हा गप्प का राहायचास?"

"मला वाटलं, तेवढं तुला पुरेसं वाटत नसेल."

सहा वर्षं. सगळ्या जगाने मावशीवर जो आळ घेतला, तो मी माझ्या भावावर सहा वर्षं घेतला होता, आणि तोही दिवसातून दोनदा बघून. मी त्याला म्हटलं, "चुकलं माझं." आमच्या घरात हे शब्द फारसे वापरात नाहीत, त्यामुळे तो एकदम अवघडला आणि स्क्रू ड्रायव्हर या हातातून त्या हातात करत राहिला.

"मग पुसू का?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"पूस. त्या आजींना लागणार आहे. पण आजचं एवढं बघून होऊ दे."

टीव्हीवर दोन वाजायला अजून वीस मिनिटं होती. तो आत आला, खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसला.